खुर्चीच्या पाठीवरचं आमचं नाव

मंडपाच्या धंद्यात वस्तूला आधी कुंकू लावतात आणि लगेच तिच्यावर नाव मारतात. ताडपत्री असो, पातेलं असो की प्लास्टिकची खुर्ची, नाव नसेल तर ती तुमची नाही. एकाच लग्नात दोघांचं सामान आलं की पातेल्यांवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आमच्या बडनेऱ्याच्या गोदामात पत्र्यात कापलेला नावाचा साचा खिळ्याला टांगलेला असतो आणि त्याच्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. आमचे हे एरवी धांदरट, पण हे काम झोपेतही चोख करतील. त्यांच्या ह्या एका गुणानंच आमचा घात केला.

आमच्याकडचे एक बडे पुढारी, सगळे त्यांना साहेबच म्हणतात, विधानसभेला उभे राहिले ते माझ्या माहेरच्या भागातून, अकोल्याकडून. बंगला मात्र अमरावतीत. गरीब उमेदवार म्हणून फिरले. गावोगाव चादर अंथरली जायची, लोक मत द्यायचं कबूल करायचे आणि वर नोटही टाकायचे. हिवरखेडला माझी माय बाजारात भाजी विकते. तिनं त्या दिवशीचा सगळा गल्ला चादरीवर ओतला. साहेब तिच्या पाया पडले. "पोरगा गुनाचा हाय," असं ती मला फोनवर चार वेळा म्हणाली. सभांचे मंडप आमचे होते, त्यामुळे मलाही मोठेपणा वाटला. कशाला खोटं बोलू?

प्रचार रंगात आला तसा साहेबांचा पीए गोदामात येऊ लागला. गोड माणूस, येताना केळी आणायचा. वर्गणीचे पैसे बँकेत होते आणि ते बाहेर काढायला बिल लागत होतं. म्हणून आमच्या बिलात एसी चढले, मोठा फ्रीज चढला, चालायचं मशीन चढलं. 'मंचावरील पाहुण्यांची व्यवस्था' असं त्याला नाव. सामान बंगल्यावर जायचं. ह्यांनी एकदा कुरकुर केली तेव्हा तो हसून म्हणाला, "भाऊ, पान्यात राहून माशाशी वैर घेता काय?" आम्ही बिलांवर सह्या केल्या. आमच्या धंद्याचे सगळे परवाने त्याच पाण्यातले.

शेवटी नागपूरहून मसाजची खुर्ची आली. काळी, गुबगुबीत, बटण दाबलं की पाठ रगडणारी. ती आमच्या नावावर घेतलेली होती, एक दिवस गोदामात ठेवून बंगल्यावर न्यायची होती. मी बाहेर ताडपत्र्या मोजून घेत होते. आत आले तर खुर्चीला कुंकू लागलेलं आणि पाठीवर पांढऱ्या रंगात आमचं नाव, मोबाइल नंबरासकट. हे हातात ब्रश घेऊन उभे. चेहरा असा, की मला ओरडवलंच नाही. थिनरनं पुसायला गेलो तर रंग राहिला आणि रेक्झिनचं कातडं निघालं. पीएनं पाहिलं आणि तो म्हणाला, "पाठ भिंतीले लावून ठेवू. कोन पाह्यते मांगून?"

साहेब निवडून आले. पुढं त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला कोणीतरी खुर्ची फिरवली आणि कोणीतरी फोटो काढला. नातू खुर्चीवर उभा, हातात केक, आणि कॅमेऱ्याकडे वळलेल्या खुर्चीच्या पाठीवर आमचं नाव ठळक. तो फोटो अमरावतीहून अकोल्याला आणि तिथून गावागावांत गेला. वर्गणीचं काय झालं, असं लोक विचारू लागले. विरोधकांनी तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात. खुर्ची, एसी, फ्रीज, मशीन, सगळं उतरवलं. पीएच्या हातात ह्या वेळी केळी नव्हती.

"वहिनी, हे तुमचंच हाय. नाव तं तुमचंच हाय ना? साहेबाची पाठ धरली होती म्हनून खुर्ची भाड्यानं नेली, असं सांगजा."

मग त्यानं गोदामभर नजर फिरवली. कनाती, पडदे, गाद्या, छतापर्यंत रचलेलं कापड.

"उनाचे दिवस हायेत," तो म्हणाला. "कापडाचं गोदाम हाय. जपून राहा लागते."

तो गेल्यावर ह्यांनी आधी पेटलेली उदबत्ती विझवली. त्या दिवसापासून आम्ही गोदामात उदबत्ती लावत नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर साहेबांचा एक माणूस बसून असतो. चहा पितो, मोबाइल पाहतो, आमच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. फाटकाशी गाडी थांबली की मी आधी तिचा नंबर पाहते. चौकशीवाले असले तर खोट्या बिलांवर सह्या आमच्या, साहेबांची माणसं असली तर गोदाम आमचं. इकडे आड, तिकडे विहीर. मी तोंडाची तिखट म्हणून सासरी प्रसिद्ध आहे, पण ह्या दिवसांत दूधवाल्याशीही हळू बोलू लागले.

अशात न कळवता माय आली. सकाळच्या एसटीनं निघून, पिशवीत वांगी आणि अंबाडी घेऊन. घरी गेलीच नाही, सरळ गोदामात आली आणि खुर्चीपुढं उभी राहिली.

"गावात म्हनतात, वर्गनी तुह्या घरात जिरली," ती म्हणाली. "खरं काय ते सांग मले."

मी दाराबाहेर पाहिलं. टपरीवरचा माणूस उठून आमच्या फाटकाशी आला होता, कानाला फोन लावून.

"आपली हाय माय. साहेबानं भाड्यानं नेली होती," मी मोठ्यानं म्हणाले. त्याला ऐकू जावं म्हणून.

"येवढी महागाची तुमाले कशी परवडली?"

मी खुर्चीवरची धूळ झटकू लागले. मायनं भाजी काढून तिथल्याच एका पातेल्यात ठेवली.

"बरं. तू म्हनतं तं तसंच असन," एवढं बोलून ती निघाली. जेव म्हटलं तर शेवटची गाडी जाते म्हणाली. शेवटची गाडी जायला अजून खूप वेळ होता.

पुढच्या बाजारात तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की खुर्ची माझ्या पोरीची, तिच्या कमाईची. हे मला भावानं कळवलं. लोक हसले. कोणी म्हणालं, मग वर्गणी चोरणारी तुझीच पोरगी. आता तिच्या भाजीपाशी गिऱ्हाईक थांबत नाही. ती माळवं घेऊन जाते आणि संध्याकाळी तसंच परत आणते, गाईला घालते. चाळीस वर्षं तिनं तागडीत काटा मारला नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

मला राहवलं नाही. काय व्हायचं ते होऊ दे म्हणून मी फोन लावला. "माय, मी त्या दिवशी तुह्याशी..."

"फोनवर काही बोलू नोको," तिनं मला तोडलं. आवाज अगदी खाली होता. "मले तवाच समजलं होतं. तू माह्याशी नाही, फाटकाशी बोलून राहिली होती."

"मंग बाजारात काहून सांगितलं?"

"तो फाटकापाशी उभा होता ना, तो त्या दिवशी इथं बी आला होता. माह्या दुकानासमोरच बसला होता."