नारळ फुटायच्या आधी वाचलेला कागद

कुडाळच्या बाजारापासून थोडं आत, एका भातगिरणीच्या मागच्या खोलीत आमचा आयकिडोचा वर्ग भरतो. समोरचा अंगावर आला की त्याच्याच जोराने त्याला वळवायचं आणि अलगद जमिनीवर निजवायचं, अशी ही जपानी विद्या. मी शिकवायला लागल्यापासून कुडाळातल्या कुत्र्यांनीसुद्धा भांडणं सोडली, असं माझं मत आहे. बायको म्हणते, ते उन्हाने झोपतात.

पहिल्या वर्षी गाद्या नव्हत्या. भाताचा पेंढा पसरला आणि वर ताडपत्री ताणली. पुढे कळलं की जपानातही जुन्या गाद्या भाताच्या पेंढ्याच्याच. म्हणजे आम्ही न विचारता मूळ गोष्टीला पोचलो होतो. त्यांच्या पेंढ्यात उंदीर नसावेत, एवढाच फरक.

शिकवणारे आम्ही तिघे. मुख्य शिक्षक पूर्वी जहाजावर आचारी होते. जहाज जपानच्या बंदराला लागलं की भांडी घासून हे तिथल्या शाळेत हजर. असं तुकड्यातुकड्यांनी वीस वर्षं शिकले. बोलणं अगदी कमी. एकदा गिरणीत साप निघाला तेव्हा ‘सरका’ एवढंच म्हणाले, आणि आमच्याबरोबर सापही सरकला. दुसरा मी. पुण्यात नोकरीला असताना तीन वर्षं शिकलो, त्यातले थंडीचे महिने वजा करा.

तिसरी बालवाडीची शिक्षिका, माहेर आरोंद्याचं. मी तिला बाय म्हणतो, ती मला काकानू. लेकीला वर्गाला सोडायला यायची आणि उंबऱ्यावर बसून बघायची. वर्षभर नुसतं बघितलंन. मग एक दिवस चप्पल काढून आत आली आणि पडायला शिकू लागली. त्याला नऊ वर्षं झाली. आता लहान मुलांचा वर्ग तीच घेते, आणि तिच्या हाताखाली एकाही पोराचं मनगट मुरगळलेलं नाही. हे मी फुगवून सांगत नाही.

पण बाहेरचा एकही दाखला तिच्याकडे नव्हता. आणि मुंबईहून आमच्या आयकिडो संघटनेच्या वरिष्ठांचं पत्र आलं की ते स्वतः येऊन वर्ग बघणार. प्रत्येक शिक्षक कुठे, कोणाकडे, किती वर्षं शिकला याचा कागद तयार ठेवा. ज्याची माहिती पुरेशी वाटणार नाही, त्याला मुलांचा वर्ग घेता येणार नाही.

बायने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि पोरांना मागे पडणं शिकवायला गेली. त्या दिवशी तिने त्यांना अर्धा तास उशिरा सोडलंन. बाहेर आईबाप ताटकळत होते.

कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मुख्य शिक्षक म्हणाले, “खरा काय ता लिही.”

मी खरंच लिहिलं, फक्त सोलकढीत नारळाचा रस घालतात तशा सढळ हाताने. त्यांना जपानात वीस वर्षं सलग बसवलं. माझी तीन वर्षं अकरा केली. आणि बायच्या नावापुढे लिहिलं: मलबारातल्या आखाड्यात पाच वर्षं कठोर शिक्षण. मलबार तिने नकाशात तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. पण तिचा वर्ग जाऊ द्यायचा नव्हता.

आमच्याकडे रविवारचा वर्ग गाऱ्हाण्याने सुरू होतो. गिरणीची जागा राखणदाराची, म्हणजे ती राखणाऱ्या देवाची. तिथे रोज माणसं आपटायची तर त्याला विचारायला नको? गिरणीचे मालक नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, नारळ फुटतो, शेरणी म्हणजे प्रसाद वाटतात, मग पहिली पलटी. नेमका त्या रविवारी मालकांचा घसा बसलेला. त्यांनी खुणेनेच नारळ माझ्यापुढे सरकवला आणि कुजबुजले, “तुझा तोंड बरा चलता. तूच घाल.”

वरिष्ठ पुढे मांडी घालून बसले होते. मी हात जोडले.

“बा राखणदारा महाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या जाग्यार पडाक नि उठाक जमली आसत, महाराजा.”

“व्हय महाराजा,” सगळी पोरं एका सुरात.

“कोणाचो हात मोडता नये, पाय मोडता नये, महाराजा.”

“व्हय महाराजा.”

मी दम घ्यायला थांबलो. वरिष्ठांना वाटलं, प्रार्थना संपली. ते सौम्यपणे म्हणाले, “आता तो माहितीचा कागद वाचून दाखवता का?”

मुंबईचा पाहुणा, वरिष्ठ, त्याला थांबा कसं म्हणायचं? मी खिशातून कागद काढला आणि चूक केली ती इथे. नारळ तसाच माझ्यापुढे होता. सूरही तोच लागला.

“आमचे मुख्य शिक्षक जपानात सलग वीस वर्षं राहिले.”

“व्हय महाराजा.”

मुख्य शिक्षकांनी डोळे मिटले. माझी अकरा वर्षं वाचली. पोरांनी त्यालाही होकार भरला. मालक माझ्याकडे असे बघत होते की घसा बरा असता तर मी वैभववाडीपर्यंत पळालो असतो.

मी तिसऱ्या परिच्छेदाला हात घातला. “आमच्या बालशिक्षिका मलबारात...”

“काकानू,” बाय हळूच म्हणाली. “नारळ अजून फोडूक नाय.”

नारळ फुटेपर्यंत जे बोललं ते राखणदाराच्या कानावर गेलं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसांशी मी आयुष्यभर थापा मारल्या. त्याच्याशी नाही.

मी कागदाची घडी घातली आणि सगळं तोंडानेच दुरुस्त करत गेलो. जहाज, भांडी, बंदर. माझी तीन वर्षं, थंडी वजा. आणि शेवटी, “ही बाय मलबारात गेली नाय, महाराजा. एक वर्ष त्या उंबऱ्यार बसली नि नऊ वर्षां हयच पडली.”

“व्हय महाराजा.” हा होकार आधीच्यांपेक्षा मोठा होता.

वरिष्ठ बायकडे वळले. म्हणाले, “माझा डावा खांदा जुना दुखणेकरी आहे. त्या बाजूने पडायची मला भीती वाटते. मी तुमच्या वर्गातला मुलगा आहे असं समजा.”

बाय त्यांच्याशेजारी बसली. त्यांच्या मानेमागे तळवा धरला. “पोटाकडे बघा, सर. हात लांब नको, पाठ गोल. घाई नाही.” तीनदा त्यांना बसल्या जागेवरून मागे लोळवलंन, मग उकिडवं बसवून. सहाव्या की सातव्या वेळी ते डाव्या अंगाने उभ्याउभ्या पडले आणि मांजरासारखे उठून बसले. खांदा चाचपला. हसले.

माझा कागद मागून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतः लिहिलं. बायच्या नावापुढे: शिक्षण याच खोलीत, दहा वर्षं, उंबऱ्यावरचं एक धरून. मुलांचा वर्ग यांच्याकडेच राहावा. खाली सही.

बायने कागद वाचला. पोरांच्या रांगेत जाऊन बसली आणि आता खांद्याएवढ्या झालेल्या लेकीची सुटलेली वेणी पुन्हा घालायला लागली.

मालकांनी नारळाकडे बोट दाखवलं. मी तो फोडला. बायने खोबऱ्याचे तुकडे केले, आधी पाहुण्यांना दिले, मग पोरांना, आणि शेवटी माझ्यासमोर हात केला.

“घेवा काकानू,” ती म्हणाली. “नारळ फुटलो. आता होया ता सांगा.”