व्हिलनस जावई

धान कापल्यावरच्या नाटकात मी असा दुष्ट दिवाण रंगवला, की भामरागडपर्यंतच्या कोंबड्या मला पाहून अंडी लपवू लागल्या. मास्तरांनी पाठ थोपटली, "काय व्हिलनस दिवाण वठवलास!"

"म्हंजे?" होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं.

"नीच, दगाबाज."

"मंग पोरगी नाई देत!"

मास्तर गडबडले. "भाऊ, मुळात विलायतेत यातला 'व्हिलन' हा शब्द मालकाच्या शेतात राबणाऱ्या खेडुतासाठी होता. वरच्या लोकांनी त्याले बदनाम केलं."

सासऱ्यांनी आपल्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहिलं. "काऊन जी, राबला म्हून नीच? मंग मीबी तोच. देल्ली पोरगी!"

अजूनही मी शेतातून आलो, की ही पाय धुवायला ऊन पाणी ठेवते आणि हळूच विचारते, "आले का व्हिलनस?"