विकत घेतलेला पाळणा

पिंप्राळ्यात आणि तिथून पुढे बंगल्यांच्या कॉलन्यांमध्ये रुक्माबाईचं नाव बाळंतिणींच्या तोंडी असायचं. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या की दवाखान्यातूनच तिला फोन यायचा, "उद्यापासून आमच्याकडे बरं का." तीस वर्षं तिनं दुसऱ्यांची पोरं पायावर घेतली. दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायची, बाळ पालथं घालायची आणि कोमट तेलाचा हात टाळूपासून टाचेपर्यंत असा फिरवायची की किंचाळणारं पोर मध्येच गप्प होऊन आपणच चकित झाल्यासारखं बघायचं. अंघोळ, धुरी, शेक, बाळंतिणीचं पोट बांधणं, हे सगळं उरकून ती बाराच्या आत घरी असायची.

नवरा देवचंद डाळीच्या मिलमध्ये हमाली करायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा त्यांची मुलगी मृणाली बारावीला होती. रुक्माबाईनं सकाळची दोन घरं वाढवली आणि पोरीला बी.एस्सी. केलं. मग धुळ्याला देवपुरात स्थळ मिळालं. जावई समाधान तिथल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचा. नावाला प्राध्यापक, पण पगार तासावर, आणि सुट्टीच्या दिवसांत तोही नाही. माणूस मात्र सरळ होता, व्यसन नव्हतं, वाचणारा होता. लग्नात त्यानं भांडंसुद्धा घेतलं नाही.

मृणालीला सातवा लागला आणि ती माहेरी आली. तेव्हापासून रुक्माबाईच्या डोक्यात पाळणा शिरला. मृणाली झाली तेव्हा पत्र्याच्या आड्याला जुनं लुगडं बांधून झोळी केली होती. सकाळभर रुक्माबाई शिसवी पाळण्यांना झोके देई आणि तिची पोर शेजारणीच्या भरवशावर झोळीत पडलेली असे. नातवंडाच्या वेळी तसं होणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

कन्हैयालाल शेठांच्या घरी तिचं जुनं जाणंयेणं. शेठांचा नातू श्रेयांस तिच्याच हातचा, आता अडीच वर्षांचा. एक दिवस ती शेजारच्या बंगल्यातलं काम आटोपून पाणी प्यायला तिथे थांबली, तर शेठांची सून जिनल हॉलमध्ये पाळणा, बाबागाडी, मच्छरदाणी असं सगळं मांडून मोबाईलवर फोटो काढत होती.

"काय चाललंय ताई?"

"विकायचंय मावशी. जागा अडते. जुन्या सामानाचा ग्रुप आहे, त्यात टाकते. पाळण्याचे चार हजार."

रुक्माबाई पाळण्याजवळ जाऊन उभी राहिली. सागवानी होता, चार पायांवर टेकवलेला, दोन्ही बाजूंना कातीव कठडे. याच पाळण्यात तिनं श्रेयांसला शंभरदा झोपवलं होतं. एका कठड्यावर त्याच्या नव्या दातांच्या खुणा होत्या.

"ग्रुपवर नका टाकू," ती म्हणाली. "मी घेते."

शेठाणी प्रेमकुंवर देवघरातून बाहेर आल्या. "अगं रुक्मा, तुला काय विकायचं? घेऊन जा असाच. पोरीचं बाळंतपण आहे ना?"

"नाही भाभीजी. फुकट नको. जो भाव लोकांना, तोच मला."

"वेडी आहेस."

"असू द्या."

प्रेमकुंवर दोनदा नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रुक्माबाईनं नोटा आणून जिनलच्या हातात ठेवल्या, आणि प्रेमकुंवर समोर सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. टेम्पोचं भाडंही रुक्माबाईनंच दिलं.

पाळणा घरी आला तेव्हा मृणालीचा चेहरा उतरला.

"माय, कोनं शे हाई?"

"आते आपलं शे. मी इकत लिधं."

"शेठनं घरनं ना? यांना कळलं तर?"

समाधाननं लग्नाआधीच मृणालीला एक गोष्ट सांगून ठेवली होती. तुमच्या आईचं काम कष्टाचं आहे, मला त्याची लाज नाही. पण त्या घरांमधून कपडा, भांडं, खाणं, काही आपल्याकडे येता कामा नये. रुक्माबाईला ते पटलेलंही होतं. सणाला मिळालेली साडी ती वाटेतच कुणाला तरी देऊन टाकायची. पण हे कुणी दिलेलं नव्हतं. तिनं रोख मोजून घेतलं होतं. तरीही जावयाला दुकानाचं नाव सांगायला तिनं मुलीला बजावलं, "दुकानमाईन लई असं सांगजो. कशाले उगीच?"

मग तिनं पॉलिश पेपर आणला आणि दोन दिवस बसून कठडे घासले. दातांच्या खुणा बऱ्याच गेल्या. सुतार ओळखीचा होता, त्यानं वरून चकचकीत हात मारून दिला. नवी गादी शिवली. समाधान दर रविवारी धुळ्याहून बसनं यायचा. तो आला, त्यानं पाळण्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मामी, एवढा खर्च कशाला केलात?" रुक्माबाई नुसती हसली. ते हसणं तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

मुलगी झाली. समाधाननं नाव शोधून ठेवलं होतं, उत्पला. नामकरण रुक्माबाईच्या घरीच करायचं ठरलं. देवपूरहून समाधानचे नातेवाईक जीपनं आले. त्यांत त्याचे चुलते नथ्थूआबा होते, साऱ्या भावकीत ज्यांचा शब्द चालायचा. अंगणात मंडप होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, पंचशील झालं. बाळाला पाळण्यात ठेवलं, नाव उच्चारलं, टाळ्या वाजल्या. इथवर सगळं नीट पार पडलं.

तेवढ्यात दारात मोटार थांबली. रुक्माबाईनं रीत म्हणून कामाच्या सगळ्या घरी निरोप दिला होता, येईल कोण असं तिला वाटलं नव्हतं. प्रेमकुंवर आणि जिनल उतरल्या. चांदीचे वाळे, फ्रॉक, मिठाईचा डबा. लोकांनी उठून खुर्च्या दिल्या. प्रेमकुंवर मनानं आनंदातच होत्या. बाळाला बघायला त्या पाळण्यावर वाकल्या आणि आतल्या बाजूनं कठड्यावर बोट फिरवू लागल्या.

"जिनल, हे बघ. आपल्या श्रेयांसचे दात. अजून आहेत." मग मंडपातल्या बायकांकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या नातवाचा पाळणा हा. फार पायगुणाचा. म्हटलं, दुसऱ्या कुणाला कशाला, आपल्या रुक्मालाच देऊ."

मंडपात बोलणं थांबलं. नथ्थूआबांनी हातातली मिठाईची बशी खाली ठेवली.

"दिला नाही, भाभीजी," रुक्माबाई म्हणाली. "मी विकत घेतला."

"हो हो," प्रेमकुंवर हसल्या. "ऐकेच ना. मी म्हटलं पैसे राहू दे, पण हिचा मान मोठा. चार हजार दिले तिनं. वीस हजारांची वस्तू हो ती, चारात म्हणजे दिल्यासारखीच की. पण तिच्या मनाला बरं वाटलं, आम्हीही घेतले."

त्या गेल्या. जाताना रुक्माबाईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. जेवणं झाली, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. जीप निघताना नथ्थूआबा पुतण्याला एवढंच म्हणाले, "तुनी पोर तठे नको जोपाडू." तिथे झोपवू नकोस, एवढंच.

मंडपवाला कनाती सोडत होता. समाधान घरात आला. मृणालीनं बाळ आधीच छातीशी घेतलं होतं. तो तिला म्हणाला, "तुला माहीत होतं." ते विचारणं नव्हतंच.

"तिला बोलू नका," रुक्माबाई म्हणाली. "मीच सांगितलं होतं तसं सांगायला."

समाधान पेटीवर बसला. आवाज त्यानं चढवला नाही. "मामी, मी पाचवीत असताना माझी आजी पाटलांच्या घरून एक शर्ट घेऊन आली. निळा, खिशावर जहाजाचं चित्र. मला फार आवडला होता. तो घालून वर्गात गेलो आणि पाटलांचा पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, हा माझा शर्ट आहे. मास्तर हसले. मी मधल्या सुट्टीत तो काढून उघडा घरी आलो. तेव्हापासून मी कुणाचं उतरलेलं अंगाला लावलेलं नाही. आज माझ्या मुलीला तुम्ही ते ऐकवलंत. आठवडाभराची आहे ती."

"तुमच्या आजीनं मागून आणला होता तो. मी मागितलं नाही, समाधानराव. घामाचे पैसे टाकले. बाजारात लोक जुनी मोटारसायकल घेतात, जुनं घर घेतात. त्याला कुणी उष्टं म्हणतं का?"

"नाही म्हणत."

"मग?"

"मग लपवलंत कशाला?"

रुक्माबाई पाळण्यातली गादी काढून तिची घडी करू लागली. बाळ रडायला लागलं, म्हणून मृणाली आत गेली. त्या रात्री उत्पला मायलेकींच्या मध्ये गोधडीवर झोपली.

दोन दिवसांनी रुक्माबाई शेठांकडे गेली. एकच गोष्ट मागायची असं तिनं मनाशी घोकलं होतं. जिनल श्रेयांसला घास भरवत होती. प्रेमकुंवर म्हणाल्या, "ये ग. बाळ कशी आहे?"

"बरी आहे. भाभीजी, एक काम होतं. जावयाला एक फोन करा. एवढंच सांगा, की पाळणा रुक्मानं विकत घेतला, आम्ही विकला. दिला-बिला म्हणू नका."

प्रेमकुंवरना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा ताठ झाला. "मी काय खोटं बोलले? वाळे घेऊन तुझ्या दारात आले, तुझ्या मंडपात बसले, आमच्यातली कोण येते सांग बरं? आणि तू मला शिकवायला आलीस?"

"शिकवत नाही. विकला म्हणालात की झालं."

"जिनल, कपाटातून चार हजार आण." जिनल म्हणाली, "मम्मी, जाऊ द्या ना." "आण म्हणते ना." नोटा टीपॉयवर पडल्या. "घे. आणि पाळणा पाठवून दे. म्हणजे ना दिला, ना विकला."

रुक्माबाईनं नोटांकडे पाहिलं. त्या घेतल्या असत्या तर आपण विकत घेतलं होतं हेसुद्धा पुसलं गेलं असतं. ती चप्पल घालून बाहेर पडली. श्रेयांसनं मागून तिला "मावशी" अशी हाक मारली, ती थांबली नाही.

पुढचं हळूहळू होत गेलं. शेजारच्या बंगल्यातल्या सुनेचा महिना भरायचा होता, तिथून निरोप आला, उद्यापासून नको. मग दुसऱ्या घरून. रुक्मा हल्ली उलट बोलते, घरी येऊन भांडते, असं मंदिराच्या ओट्यावर कुणी तरी म्हणालं, आणि ज्यांच्या घरी तिनं कधी मोठ्यानं श्वास घेतला नव्हता त्यांनीही ते खरं धरलं. दिवाळीपर्यंत तिच्याकडे एकही घर उरलं नाही. ती देवचंदच्याच जुन्या मिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागली. दिवसभर सुपाशी बसायचं. तेलानं मऊ राहिलेल्या तिच्या हातांना महिन्याभरात भेगा पडल्या.

मृणाली सव्वा महिन्यानं धुळ्याला गेली. समाधाननं नवी लोखंडी पाळणागाडी हप्त्यांवर घेतली होती. सागवानी पाळणा रुक्माबाईच्या घरात वाट अडवून राहिला. शेवटी असोद्याची एक बाई सुनेसाठी बघायला आली. "चांगला शे व," ती म्हणाली. "कोना व्हता?"

"मना," रुक्माबाई म्हणाली. माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. त्या बाईनं भाव पाडायचा प्रयत्न केला. रुक्माबाई चार हजारांवरून एक रुपया खाली आली नाही, आणि पाळणा असोद्याला गेला.

पौषात ती देवपूरला नात बघायला गेली. बरोबर कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या बाळंतशोपा, ओवा आणि स्वतः उकळून केलेलं तेल नेलं. उत्पला चांगली भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्माबाईनं पदर खोचला, पाट मांडला, तर मृणाली घुटमळली. एवढ्यात दारातून एक बाई आत आली, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि त्याच पाटावर बसली.

"प्रमिलाबाई येतात रोज," मृणाली खाली बघत म्हणाली. "यांनीच लावल्यात."

समाधान कॉलेजला निघाला होता. तो बूट घालता घालता म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता, "मामी, इथे तुम्ही आजी आहात. ते काम तुम्ही इथे करायचं नाही. आयुष्यभर केलंत, पुरे झालं. बसा निवांत."

त्यानं प्रमिलाबाईंना महिन्याचे पैसे दिले आणि गेला.

रुक्माबाई भिंतीला टेकून बसली. प्रमिलाबाई बाळाचा पाय गुडघ्यात दुमडत होत्या, जरा जोरातच, आणि पोर कळवळत होती. असा नाही, आधी मांडी सैल करून घ्यावी लागते, असं रुक्माबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. मृणालीनं तिच्याकडे बघितलं. रुक्माबाईनं भेगाळलेले हात पदराखाली घेतले.

"चहा टाकू का तुमच्यासाठी?" तिनं प्रमिलाबाईंना विचारलं, आणि उठून आत गेली.