बाजूची सीट

दिनांक ९ फेब्रुवारी २०२५. घरात जीव दोन.

मनोहर सोमकुवर यांनी त्या दिवशी गाडीचा गिअरबॉक्स उतरवून स्वयंपाकघरात गोधडीवर उघडला. पांढुर्ण्यातील संत्र्याचे व्यापारी पुंडलिकराव यांच्याकडे त्यांनी उमेदीची सारी वर्षे चालक म्हणून काढली. गाडी विलायती, उघड्या टपाची, जमिनीलगत बैठी. सीट दोनच: एक चालकाची, दुसरी मालकाची. पुंडलिकराव वारले, गोदाम पाडायचे ठरले, तेव्हा त्यांचा मुलगा केतन म्हणाला, "काका, भंगारात घालण्यापेक्षा तुम्हीच न्या." गाडी ढकलत अंगणात आली. इंजिन चालत होते. गिअर पडत नव्हता.

मनोहररावांची इच्छा एवढीच होती की पत्नी वत्सलाबाईंना बाजूच्या सीटवर बसवून एकदा सावरगावला, त्यांच्या माहेरी न्यावे. सावरगाव दूर नाही. घराजवळचा जाम नदीचा पूल ओलांडला की आलेच. चालकाच्या घरच्यांनी गाडीत बसू नये असा आदेश पुंडलिकरावांनी कधी काढला नव्हता. तो काढण्याची गरजच पडली नव्हती. रिकामी गाडी परत आणतानाही मनोहररावांनी ती सीट रिकामीच ठेवली.

"भाकर थापाले जागा ठेवा थोडी," वत्सलाबाई म्हणाल्या. "का आता या दात्यायलेच जेवू घालू?"

बेअरिंगचे बारीक रोलर ग्रीसने चिकटवत ते म्हणाले, "थांब वं जरा. सावरगावले नेतो तुले."

"पोरगं कडेवर घेऊन त्याच पुलावरून चालली होती मी. तुमी हॉर्न देल्ला अन् निंगून गेले."

"शेठच्या गाडीत कसं बसवू?"

"म्हणून तर मी हात नव्हता केला."

मनोहररावांनी पुढचा रोलर उचलला.

गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग सारखा झाल्याशिवाय त्या दात्यांना एकमेकांत जाऊ देत नाहीत. हे काम त्यांच्या आतल्या केसासारख्या बारीक खाचा करतात. रिंगा आधीच झिजलेल्या होत्या, तरी चालण्याजोग्या. मनोहररावांनी त्या धुऊन नळाच्या ओट्यावर वाळत ठेवल्या. पुढच्या रविवारी वंदनेआधी वत्सलाबाई तथागतांपुढचे पितळी तबक घासायला बसल्या. शेजारी काळवंडलेले पितळ दिसले. चिंच आणि विटेचा भुगा लावून त्यांनी त्या रिंगाही मन लावून घासल्या, आतूनसुद्धा.

"पाहा, सोन्यावानी झाल्या."

मनोहररावांनी आतून नख फिरवले. ते कुठेच अडले नाही. नव्या रिंगा नागपुरातही मिळाल्या नव्हत्या.

"चांगल्या निंगाल्या," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याच बसवल्या.

जोडणी पुरी झाली. पहिला गिअर पडला. या जुन्या बनावटीत पहिल्याला रिंग नसते. दुसरा टाकताच लोखंडाची किंकाळी गल्लीभर गेली. त्यांनी दांडा मागे घेतला.

"काय झालं जी?"

"वय झालं त्याचं. पहिल्यावरच जाऊ."

वत्सलाबाई पांढरे लुगडे नेसून आल्या. दार उघडले. सीट जमिनीपासून वीतभर उंच. त्यांनी एक पाय आत ठेवला, दाराला धरून वाकून पाहिले. मनोहररावांनी उतरून दंड धरला. दुसऱ्यांदाही गुडघा वळला नाही. त्यांनी पाय बाहेर घेतला.

"राहू द्या. गुडघेच बसू देऊन नाही राहिले."

"मग मीबी पायीच येतो."

"नाही. तुमी चालवा. मी बाजूनं येऊन राहिली."

गाडी पहिल्या गिअरवर माणसाच्या चालीने निघाली. दाराच्या काठावर हात ठेवून वत्सलाबाई शेजारून चालल्या. शेजारच्या कलाबाईंनी ओट्यावरून हाक मारली, "काहून वो वत्सलाबाई, ढकलून राहिल्या का गाडी?"

"नाही वो बाई, धरून ठेवून राहिली. मागं एकदा पळाली होती."

मनोहरराव हसले नाहीत. पुलाच्या तोंडाशी वत्सलाबाईंचे पाय थकले. त्या कठड्यावर टेकल्या. इंजिन बंद करून तेही शेजारी येऊन बसले. पलीकडे सावरगावची घरे दिसत होती. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देऊ लागला, तेव्हा दोघे उठले आणि गाडी वळवून घरी आणली.

गाडी आता मनोहररावांची आहे. वत्सलाबाई तिच्यातून तो पूल ओलांडून गेलेल्या नाहीत. हे देणे पुंडलिकरावांचे की आपल्या नवऱ्याचे, याचा निवाडा त्या करत नाहीत. देणे बाकी आहे.