फरशीवर फरशी

कोणाच्याही घरी गेले की काकाजी आधी खाली वाकायचे. एवढ्या वयाचा माणूस पायांवर डोकं ठेवतो की काय, म्हणून यजमान गडबडून मागे सरकायचा. तोवर यांनी बोटाच्या पेरानं फरशी ठोकून आवाज ऐकलेला असायचा.

"बद्द वाजत नाही ना? मंग फोडता कायले? चढवा हिच्यावरच नवी!"

यवतमाळला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सरकारी कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. 'जुन्या फायलीवर नवी फाईल ठेवण्यात जन्म गेला, आता घरात दुसरं काय करणार,' असं माझे सासरे म्हणत. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेलच.

घर बांधलं तेव्हा खाली शहाबादी फरशी होती. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्यावर मोझॅक चढलं, आणि अलीकडे त्याच्यावर चकचकीत टाइल्स. 'फोडलं का घराले दुखते,' हा त्यांचा सिद्धांत. घराचं दुखणं वाचलं, माणसांची मात्र पंचाईत झाली. दर थराला सुतार येऊन दारं खालून कापून जाई. चौकटीचं कपाळ होतं तिथंच राही. वणीचे उंचपुरे जावई दिवाळीला आले ते त्या चौकटीवर डोकं आपटूनच.

"वाकून येत जा, जावईबापू," काकाजी हळद घेऊन धावत म्हणाले, "सासऱ्याचा मानही राह्यते."

न्हाणीघर तेवढं जुन्याच पातळीवर राहिलं. आंघोळीला विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागे. त्यावरही उत्तर तयार होतं. "कळंबचा चिंतामणी गणपतीही पायऱ्या उतरून खालीच आहे. तिथं कोणी कुरकुरते का?"

काकूही काही कमी नव्हत्या. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरला तो त्यांनी स्वतःच्या हातानं. त्याच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून तिथंच आपलं लोखंडी कपाट उभं केलं. मोझॅकच्या वेळी मिस्त्री ते सरकवायला गेला, तर काकू आडव्या उभ्या राहिल्या.

"हे हलवाचं नाही. खाली देव झोपला आहे."

मिस्त्रीनं कपाटाच्या भोवतीनं फरशी बसवली. कपाटाचे पाय मोझॅकात गेले.

मग काकू गेल्या. बरेच दिवस काकाजी कोणाच्याच फरशा वाजवेनात. मला तर तो ठोकण्याचा आवाज चुकल्यासारखा वाटे. आणि एक दिवस त्यांच्या दारात टाइल्सचे खोके उतरले.

"रिकामं घर खायले उठते," मला म्हणाले. "मिस्त्री असला का तेवढीच ठोकठाक राह्यते."

मी चहा पाठवत राहिले. काकूंचा शब्द म्हणून कपाट याही वेळी कोणी हलवलं नाही. टाइल्स दारांच्या खालच्या कडेवर चढल्या आणि कपाट कायमचं बंद झालं. काकूंमागे ते कोणी उघडतच नव्हतं, त्यामुळे ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते मुलीच्या डोहाळजेवणाला. ती माहेरी आली आणि म्हणाली, "बाबा, आईनं तिच्या डोहाळजेवणात नेसलेलं हिरवं पातळ काढा. मले तेच नेसाचं आहे."

चावी फिरली, मूठ फिरली, दार काही हलेना. जावयांनी ओढलं, मी ओढलं, दूधवाल्यानंही जोर लावून पाहिला.

"फोडा लागते," मिस्त्री म्हणाला.

"दार कापा खालून," काकाजी म्हणाले.

लोखंडाचं दार! वेल्डिंगवाला आला आणि ठिणग्या आतल्या कपड्यांवर उडतील म्हणून परत गेला. कपाट हलवायचं नाही, दार कापता येत नाही, फरशी फोडायची नाही. आम्ही सगळे त्या कपाटापुढे नुसते उभे. शेवटी मुलगी रडायलाच लागली.

"माह्या आईचं एक पातळ भेटत नाही मले या घरात."

काकाजींनी मिस्त्रीच्या हातातून छिन्नी-हातोडा घेतला. पहिला घाव त्यांनीच घातला. टाइल्स फुटल्या, दार मोकळं झालं.

"बस करा काकाजी, उघडते आता," मिस्त्री म्हणाला. पण ते कुठले थांबतात! खालचं मोझॅकही फोडत सुटले. शहाबादी दिसली तेव्हाच हात थांबला. तळहातानं त्यांनी चुरा बाजूला केला.

"हातात देव घेऊन तुही आई याच फरशीवरून आली होती," म्हणाले, आणि आमच्यासमोर हमसून रडले.

डोहाळजेवण थाटात झालं. मुलीला ते हिरवं पातळ काय शोभलं! ओटी भरून झाली, फोटोसाठी सगळे उभे राहिले, आणि काकाजी सापडेनात. आत जाऊन पाहिलं, तर ते कपाटापुढे नव्या फरशीच्या काठावर बसले होते, पाय खाली खड्ड्यात सोडून. खड्डा वीतभरही खोल नव्हता. त्यामुळे गुडघे पार हनुवटीशी आले होते. मला हसू फुटलं. काकाजीही हसले, पण उठले नाहीत.

तो खड्डा त्यांनी कधी बुजवू दिला नाही. रोज दुपारी तिथंच बसून पेपर वाचत.

गेल्या वैशाखात काकाजी गेले. मुलगी घर आवरायला आली, तेव्हा फरशी सारखी करून घ्यावी म्हणून तिनंच मिस्त्रीला बोलावलं. तो सिमेंटचा माल कालवून आत आला, तर ही चपला काढून काठावर बसलेली, पाय खाली शहाबादीवर टेकवून.

मिस्त्री दारातूनच मागे फिरला. बाहेर ओट्यावर येऊन बसला. घमेल्यातला माल तसाच वाळून गेला.