गॅरेजमधली आमटी

तुम्ही रांधून नेलेलं अन्न तुमच्याच लोकांनी कधी गॅरेजमध्ये ठेवलंय?

माझं ठेवलं. ऐंशीच्या दशकात, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका मराठी घरात.

रविवारचं पॉटलक. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी एकटा विद्यार्थी. मसुराची आमटी केली, आई करते तशी, लसूण ठेचून. सकाळी भांडं पोचवलं. दारातच त्या घरच्या काकूंनी ते घेतलं.

“किचनमध्ये जागा नाही रे. तुझं गॅरेजमध्ये ठेवते.”

मागून आलेल्या मावशींच्या श्रीखंडाला जागा झाली.

मागच्या खेपेला त्यांच्या नवऱ्याने, काकांनी, माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला, तेही. त्यांना हवं ते तेव्हाच कळलं होतं. तरी मला वाटलं, जेवताना भांडं आत आणतील.

पाहुणे होते आफ्रिकेतल्या एका देशाचे शिक्षणमंत्री. विद्यापीठात भाषणाला आलेले. गोऱ्या साहेबाच्या घरचा नोकर, मग जंगलात बंदूक, मग तुरुंग, मग मंत्रिपद. नागपुरात असताना मी त्यांच्या सुटकेसाठी पत्रकं वाटली होती. म्हणून त्यांना हॉटेलवरून आणायला मीच गेलो. गाडीत सांगितलं, तुमच्यासाठी आमटी केलीय.

“मग आधी तीच खाईन,” ते म्हणाले.

काकांनी त्यांना हार घातला. इंग्रजीत भाषण केलं. साहेब यांना मागच्या दाराशी पत्र्याच्या डब्यात जेवण द्यायचा, हे काकांनी दोनदा सांगितलं. गॅरेजचं दार त्यांच्या पाठीशीच होतं.

टेबलावर सगळं मांडलं होतं. माझं भांडं नव्हतं. मंत्र्यांनी ताट हातात घेऊन मला विचारलं, “यातलं तुझं कुठलं?”

मी बोलायच्या आत काकू पुढे आल्या. “ही डाळ त्याचीच.”

ती डाळ त्यांची होती. मंत्र्यांनी ती वाढून घेतली. चाखली. माझ्याकडे बघून हसले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फक्त मान हलवायची होती. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या हलवली तशी.

“नाही,” मी म्हणालो. “माझी गॅरेजमध्ये आहे.”

गेलो. भांडं आणलं. श्रीखंड बाजूला सारून टेबलाच्या मधोमध ठेवलं. झाकण काढलं.

काका मराठीत, दबक्या आवाजात म्हणाले, “पाहुण्यांसमोर तमाशा नको. अमेरिकेत कसली आलीय जात? तुम्ही लोकच ती बॅगेत भरून आणता.”

“आडनाव तुम्ही विचारलंत, काका.”

मराठी कळत नसलं तरी मंत्र्यांना सगळं कळलं. त्यांनी आमटीकडे पाहिलं. मग काकांच्या चेहऱ्याकडे. मग म्हणाले, “मी वाढून घेतलंय आता.”

आणि बसले. यजमानाच्या उजव्या हाताला.

मी आमटी वाढून घेतली. त्यांच्यासमोर बसून खाल्ली. एकट्याने.

परतताना गाडीत आम्ही दोघेच होतो. ते म्हणाले, “जंगलात आम्ही एका पातेल्यात जेवायचो. आता माझ्या बंगल्यावर ड्रायव्हरचं ताट मागच्या पायरीवर ठेवतात. ते कुणी ठरवलं, मी कधी विचारलं नाही.”

“मग आता विचारा,” मी म्हणालो.

त्यांनी विचारली ती उद्याच्या विमानाची वेळ. मोठा माणूस. ज्याच्यासाठी मी रस्त्यावर उन्हात उभा राहिलो, तो. साहेब गेला आणि पायरी तशीच राहिली. त्या दिवशी मी माणसांची पूजा सोडली.

पुढच्या पॉटलकचं बोलावणं मला आलं नाही. मी तरी गेलो. भांडं स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो. यापुढेही राहीन. भांडं हलवणाऱ्याला सगळ्यांसमोर कारण विचारीन.

तुम्हाला एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी कुणाकडे जेवायला गेलात, की वाढून घेण्याआधी घरात एक फेरी मारा. गॅरेज बघा, मागची पायरी बघा. कुणाचं भांडं तिथे दिसलं, तर ते आत आणा, आणि पहिला घास त्यातला खा. यजमानाच्या चेहऱ्याकडे न बघता.