साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

"एमडीआर टीबी आहे," डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणाले. म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणारा क्षयरोग. मग त्यांनी विचारलं, "बेटा, मध्ये गोळ्या बंद तर नव्हत्या केल्या? खरं सांग. पुढचं औषध त्यावर ठरवायचं आहे."

मी म्हणाले, "नाही, सर." शेजारी पप्पा उभे होते.

हे लिहायला लाज वाटते. पण कुणी माझ्यासारखं अडकलं असेल, म्हणून लिहिते.

पप्पा सांवेर रोडला एका फॅक्टरीत पेट्या उचलतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांनी माझा खोकला थांबला. रविवारी उपासनेत उभी राहून मी साक्ष दिली, "येशूने मला पूर्ण बरं केलं." मंडळीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गोळी हातात घेतली की वाटायचं, हा तर अविश्वास झाला. मी गोळ्या फेकू लागले आणि घरी रिकामं पाकीट दाखवू लागले.

मग खोकल्यातून रक्त आलं आणि पुन्हा तपासणी झाली, तोच हा रिपोर्ट. आता पप्पाही खोकत होते. डॉक्टरांनी त्यांनाही एक्सरे काढायला सांगितला.

एक्सरेच्या लाइनमध्ये मला प्रार्थनाही सुचेना. ज्याच्या नावाने खोटं बोलले, त्याला कुठल्या तोंडाने हाक मारू? पप्पांना काही झालं तर? मी तिथेच त्यांना सगळं सांगून टाकलं.

"पागल आहेस का तू?" ते ओरडले. लोक बघायला लागले.

मी म्हणाले, "येशू आता माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

"तू माझ्याशी खोटं बोललीस. मी गेलो का तुला सोडून? इथेच उभा आहे न? आणि त्याचं दिल काय माझ्यापेक्षा छोटं आहे?"

मी परत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते खूप रागावले, मग फाइल पुढे ओढून पहिल्यापासून सगळं विचारू लागले. पप्पांचा एक्सरे साफ निघाला. त्या दिवशी मी देवाचे आभारसुद्धा घाबरत घाबरतच मानले.

नवीन औषधांनी पायांना मुंग्या येतात, जेवण उलटून पडतं. पूर्ण बरी होईन की नाही, माहीत नाही. काही दिवस तर जगायचीच हिंमत नसते. तेव्हा मी नुसतं "येशू" म्हणते. त्याला माझा कळवळा येतो, माझ्या विश्वासाचे मार्क बघून नाही. एवढंच धरून मी पुढची गोळी गिळते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मास्क लावून उपासनेला गेले आणि पुन्हा उभी राहिले. "मी गोळ्या सोडल्या होत्या. मी बरी झालेली नाही," एवढंच बोलता आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर आमच्या मंडळीतल्या रूथमावशींनी माझा हात घट्ट धरला. "अगं, मीपण शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. साक्ष दिली होती न," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या डॉक्टरकडे माझ्यासोबत येशील?"